उजवीकडचं पदक

फौजेत स्वतःचं पदक डाव्या छातीवर लावतात. गेलेल्या माणसाचं पदक घरचे उजवीकडे लावतात. हे मला बाबांनीच शिकवलं.

सव्वीस जानेवारीला वैशाली नगरच्या झेंडावंदनाला निघताना त्यांनी युद्धात मिळवलेलं शौर्यपदक कोटावर डावीकडे लावलं आणि आरशात पाहिलं. छाती रिकामी होती.

“उन्नती, माहं मेडल कुठी गेलं?”

ते माझ्या ओढणीवर होतं. उजवीकडे.

मी ते काढून पुन्हा त्यांच्या कोटाला लावलं आणि वरून तळहात दाबून धरला. पदक गार लागत होतं. बघता बघता हाताखाली नुसतं कापड उरलं, आणि माझ्या उजव्या खांद्याखाली पिन टोचली.

“बाबा, मले भेव लागून राहिलं.”

बाबांनी शांतपणे कोटाची बटणं सोडली.

“तुह्या मायले सांगू नको,” ते म्हणाले.