चितेवरून उठलेली

"पंखा सगळा पाहुण्याकडं, अन् आम्ही मागं उकडून राहिलो," शेजारची केवळाबाई दामिनीच्या कानाशी कुरकुरली.

निलंग्याच्या वाचनालयात दामिनीचे दाजी महांतेश स्वतःची भयकथा वाचत होते. कार्यक्रम दामिनीनंच मागं लागून ठरवला होता, निमंत्रणंही तिनंच घरोघर दिली होती. कथेतली मेलेली बायको रोज चितेवरून उठते, पेटल्या केसांनी दारात येते, आणि बिचारा नवरा तिला विचारतो, "माझं काय चुकलं?" ती बायको म्हणजे दामिनीची आक्का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भुताच्या भीतीनं सांगणाऱ्याकडं कुणी नीट बघितलंच नाही.

टाळ्या थांबल्यावर दामिनी उठली. "दाजी, कथा लई खरी वाटली. एकच कळलं न्हाई. आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. तुमच्या आईला दिली, वडलांना दिली. मग आक्कालाच चिता कशाला?"

महांतेश हसले. "अगं, भुताची गोष्ट हाय ती. कल्पना."

"कल्पना कशी? आम्ही माहेरची माणसं देगलूरहून पोचलो तवा नुसती राख होती."

"चहा घेऊ या का?" अध्यक्ष घाईनं म्हणाले.

कुणीच उठलं नाही. मग केवळाबाई बोलली, बसल्या जागेवरून, पण शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेला ऐकू जाईल अशी.

"पुरलेलं माणूस पुन्हा काढून तपासता येतं, बाई. जाळलेलं न्हाई."