मधला रुमाल

मिर्तोबाई आम्हाला विजेचा धडा इंग्रजीतून शिकवायच्या. वर्गाने हातात हात धरून रिंगण केलं की रिंगणात धरलेला त्यांचा बॅटरीचा छोटा दिवा लागायचा. कुणी मध्ये रुमाल धरला की विझायचा. तो का विझला, हे इंग्रजीत अचूक सांगेपर्यंत सुटका नसायची.

आमच्या ग्रीक गावच्या जत्रेत नाचाचं रिंगण धरलं, तेव्हा बेकरीवाला स्टाथिस दरवर्षीसारखाच बाईंच्या शेजारी आला. दोघांचं लग्न झालेलं नाही, म्हणून रीतीप्रमाणे त्यांनी मध्ये रुमाल धरला.

“बाई,” आमच्या वर्गातली कलिओपी इंग्रजीत ओरडली, “कापड वीज नाही वाहतो.”

आमचा अख्खा वर्ग खिदळला.

“काय म्हणते ही? ग्रीकमध्ये सांगा की,” स्टाथिस म्हणाला.

“व्याकरण तेवढं चुकलंय तिचं,” बाई म्हणाल्या, आणि रुमाल त्याच्या खिशात कोंबून त्यांनी त्याचा हात धरला.