सूरगिळ्याचा आवाज

सूरगिळ्या मंचावर आला आणि पुढच्या रांगांतल्या पोरांनी पटापट पाय खुर्चीवर ओढून घेतले. जमिनीवर लोळणारा काळा झगा, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, आणि त्या मुखवट्याला तोंडाच्या जागी नुसतं एक भोक. मुलांची गाणी तो त्या भोकातूनच गिळायचा.

"आई, हा खरा नाही ना?" मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

"खरा असता तर तिकीट काढून बघावा लागला असता का? गप बैस," आई म्हणाली. मुलीचं काही समाधान झालं नाही. तिच्या पलीकडे बसलेल्या बाईचंही नाही.

ही बाई सूरगिळ्याची मुलगी. म्हणजे गेल्या हंगामापर्यंत हाच झगा चढवून हेच गाणं गाणाऱ्या अण्णांची. अण्णा गेल्यावर नाटकाच्या दिग्दर्शिकेने, सगळ्यांच्या मावशींनी, विचारलं होतं, गेल्या हंगामाचं रेकॉर्डिंग आहेच, झग्यात कोणीही उभा राहील, आवाज अण्णांचाच ठेवू या का? तिने साफ नाही म्हटलं होतं. बाबांच्या आवाजावर दुसऱ्या कोणी हातवारे करायचे नाहीत. मावशींनी मान डोलावली होती. जरा लवकरच डोलावली, असं तिला तेव्हाही वाटलं होतं.

आज तर त्यांनी तिला दारातच गाठून मागच्या रांगेत नेऊन बसवलं. विंगेत येऊ नकोस, असं वर पुन्हापुन्हा बजावलं. नवा नट कोण, म्हणून विचारलं तर 'आहे एक, बँकेतला' एवढंच सांगून सटकल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ढोल घुमला. मुखवट्याच्या भोकातून गाणं निघालं.

"ज्याच्या गळ्यात गाणं, त्याच्या दारी..."

आणि आवाज थांबला. अख्खं प्रेक्षागृह थांबलं. शेजारच्या मुलीने कान गच्च दाबले आणि डोळे सताड उघडे ठेवले. मग अगदी हळू, खर्जात, उरलेले शब्द आले, "...माझं येणं."

मुखवट्यात कोणाचाही आवाज घुमतो, नक्कलही कोणी करील. पण हे थांबणं मुळात गाण्यात नव्हतंच. वर्षानुवर्षं अण्णा ही ओळ एका दमात म्हणत. शेवटच्या हंगामात छाती साथ देईना, तेव्हा ते इथे थांबायला लागले. प्रेक्षकांकडे पाठ करून, झग्याआड श्वास गोळा करायचे आणि मग वळायचे. पोरं त्याने जास्तच घाबरत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. घराबाहेर कोणाला ठाऊकही नव्हतं. सूर उसना घेता येतो. धाप कोण उसनी घेईल?

ती उठली आणि बाजूच्या दाराने थेट आत गेली.

विंगेत ध्वनियंत्रणेपाशी बसलेल्या माणसाने तिला हाताने थोपवलं. अण्णांचं रेकॉर्डिंग कुठे लावलंय, तिने विचारलं. तो उत्तर द्यायच्या आधी मावशींकडे बघायला लागला. तेवढं तिला पुरलं. तिने पुढे होऊन मुख्य कळ खाली ओढली.

भोंगे मेले. सिंथेसायझरवर चाललेली धून तुटली. गाणं मात्र तुटलं नाही. बारीक झालं, उघडं पडलं, पण मंचावर, मुखवट्याच्या आतून, ते तसंच पुढे चालत राहिलं. पुढच्या कडव्याअखेर तीच ओळ आली, तसंच थांबणं आलं, आणि त्या शांततेत एक पोरगं कळवळून म्हणालं, "याने भोंगेपण गिळले."

मावशींनी कळ पुन्हा वर सरकवली.

"झाली खात्री?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मग तितक्याच हलक्या आवाजात सांगितलं, की तुझ्या धाकाने त्याला सकाळपासून घास गेलेला नाही. तू विंगेत दिसलीस तर त्याची वाचाच बसेल, म्हणून तुला मागे बसवलं.

प्रवेश संपला तसा सूरगिळ्या झगा सावरत विंगेत आला. मुखवटा काढल्यावर आतून टक्कल निघालं, गुबगुबीत गाल निघाले. असल्या माणसाला पोरं मामा म्हणून चिकटली असती. त्याने तिला लगेच ओळखलं. घाम पुसत, चुळबुळत जवळ आला.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारतो. बाकीचं गाणं बसलंय. ती थांबायची जागा तेवढी मनासारखी येत नाही. रेकॉर्डिंग ऐकून ऐकून घरचे वैतागले. अण्णांना असलं काही सुचायचं तरी कसं?"

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. उद्याच्या प्रयोगापासून ती ओळ पुन्हा एका दमात झाली असती.

"थोडं जास्त थांबायचे ते," ती म्हणाली.

त्याने छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि तिथल्या तिथे, हळू आवाजात गाऊन पाहिलं. "त्याच्या दारी..." म्हणून थांबला. थांबूनच राहिला.

तिने मागची खुर्ची ओढून त्याच्यापुढे केली.

त्याने डोळे उघडले. "मी दमलो नाहीये, ताई."

तिने मान डोलावली. खुर्चीची पाठ मात्र तिच्या हातून सुटली नाही.