आईच्या सोबतीला

"डॉक्टरनं रोज चालायला सांगितलंय, पण एकटीला भ्या वाटतं. तू तिकडं चाल, मी इकडं चालते," नवसाबाईनं फोनवर लेकीला गळ घातली. जन्मात कुणापुढं नमतं न घेतलेली बाई अशी काकुळतीला आली म्हटल्यावर एकलहऱ्याच्या कॉलनीतली प्रतिभा हातातलं लाटणं ठेवून, फोन कानाला लावून चालायला निघालीच. दिवाळीलाही उभ्या उभ्या येऊन गेलेली लेक आता रोज सांजेला आईच्या कानाशी यायला लागली.

"आई, मीठ कमी केलंस का?"

"केलं. तू पण कर, म्हणजे माझ्या आळणी तोंडाची कळ तुला कळंल."

"आता वळू का माघारी?"

"एवढ्यात? म्हातारी मी का तू? पुढच्या चौकापर्यंत चल की!"

झेंडूची पाटी घेऊन मळ्यातून आलेली सून चैताली दारात थबकली. सासू ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि "डॉक्टरनं सांगितलंय, चालायलाच हवं," म्हणत फोनमध्ये मुद्दाम धापा टाकत होती.

"आत्याबाई, तुम्हाला कुठल्या डॉक्टरनं चालायला सांगितलं?"

नवसाबाईनं फोनवर हात दाबला. "मला काय धाड भरलीय? दिवसभर वाफ्यातच तर असते. बीपी तिचं वाढलंय. डॉक्टर तिला म्हणाला, आत्तापासून चाललीस तर काळीज शाबूत राहील. तर म्हणे, मला वेळ नाय."

फोनमधून हाक आली, "आई, कुठवर आलीस गं?"

ओट्यावरची शेजारची मोकळी जागा पदरानं पुसत नवसाबाई म्हणाली, "तुझ्या संगंच हाय, बाई. चाल."