लागत नाहीये

"अडचण आधी नीट ओळखावी आणि मगच हत्यार उचलावं. निम्मं जग ह्या एका चुकीपायी बुडतंय!" फोरमननी जाहीर केलं. तोंडात दोन स्क्रू धरलेले असल्यामुळे बायकोला त्यातलं 'बुडतंय' एवढंच कळलं.

मुलगी आदल्या संध्याकाळी परगावी नोकरीला गेली होती, बापाच्या मनाविरुद्ध. बापलेकीचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि निघताना ती त्यांच्याशी अवाक्षर न बोलता गेली होती. पोचल्याची खबर अजून नव्हती.

फोरमन कारखान्यातून निवृत्त झाले होते. कारखाना फोरमनमधून निवृत्त व्हायचा होता. सकाळपासून ते घरभर येरझाऱ्या घालत होते. फ्रिज उघडत होते, आत कोणी नाही अशी खात्री करून बंद करत होते. इतक्यात आतल्या खोलीतून बायको ओरडली होती, "अहो, लागत नाहीये!" बघतात तर खोलीचं दार अर्धवट उघडं. त्यांना हायसंच वाटलं. बिजागऱ्या खोलून त्यांनी दार दोन स्टुलांवर आडवं घातलं आणि रंधा मारायला घेतला.

"अहो, अजून लागत नाहीये," बायको खाटेवरून म्हणाली.

"लागेल, लागेल. खालून फुगलंय ते."

"खालून?" बायकोनं हातातला फोन उलटा करून पाहिला.

"वरूनही असेल. घासल्याशिवाय जमायचं नाही."

बायकोनं फोन बाहीला घासला. पुन्हा कानाला लावला. उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

"नाहीच लागत मेलं!"

"जोर करू नकोस. चौकट हलेल."

"इथं माझा जीव हलतोय आणि चौकटीचं काय सांगताय? पोरीचा फोन लागत नाहीये हो!"

रंधा थांबला. फोरमननी तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले.

"मग दाराला काय झालंय?"

"दाराला काय धाड भरलीय? चांगलं लागत होतं."

दोघांनी दाराकडे पाहिलं. ते एव्हाना बरंच सडपातळ झालं होतं.

"तुमच्या फोनवरून लावून बघा."

"माझा ती उचलायची नाही."

"लावून तर बघा! सकाळपासून लाकूड सोलताय, एक बटण दाबवत नाही?"

फोरमननी हात पुसले. मग पुसलेले हात पुन्हा पुसले. फोन काढला, नाव शोधलं, बोट वर धरलं. बोट काही खाली येईना. आयुष्यभर मोठमोठी यंत्रं सुरू केलेलं बोट ते. तेवढ्यात फोनच वाजला, आणि ते दचकल्यामुळे तो हातून पडता पडता राहिला.

"बाबा, आईचा फोन मघापासून बिझी येतोय. एवढी बोलतेय तरी कोणाशी?"

"तुझ्याशीच," फोरमन म्हणाले.

बायको फोन ओढायला लागली. फोरमननी पाठ फिरवली. मुलगी आपल्याशी बोलतेय, आता हा क्षण हातचा घालवून चालणार नाही. त्यांनी घसा खाकरला. स्वाभिमान, संताप, उतारवय आणि बापाचं काळीज असं सगळं घेणारं एक निवेदन त्यांच्या मनात भराभर जुळून आलं.

"हे बघ बाळा, त्या दिवशी मी जे बोललो, त्यामागचं मूळ..."

"बाबा, ते आपण निवांत बोलू. आधी मला सांगा ना, अंडं उकडायला टाकलंय, ते झालं हे कसं ओळखायचं?"