टू लेट

बेल वाजली तेव्हा बाई वरच्या खोलीत स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या.

"भाडेकरू आलाय!" खालून नवऱ्याने हाक दिली. त्याचा आवाज काहीतरी वेगळाच वाटला.

बाई हात पुसत खाली आल्या. गेटबाहेर त्यांची मुलगी उभी होती. खांद्यावर टेनिसची लांब बॅग, पायात मातीने लाल झालेले बूट. तीन वर्षं तिने या घराकडे पाठ फिरवली होती.

"गेटवरची 'टू लेट'ची पाटी बघितली," ती म्हणाली. "खोली द्यायची आहे ना भाड्याने?"

बाईंनी सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यांना शब्द कधी कमी पडला नव्हता. आज त्यांनी वर्गातला आवाज काढला.

"द्यायची आहे. या वर. आधी नियम ऐकून घ्या."

नवरा काहीतरी बोलायला गेला. बाईंनी नुसतं बघितलं. तो वाटेतून बाजूला झाला.

खोलीत बाई एकेक नियम सांगत गेल्या. गाणी मोठ्याने लावायची नाहीत. पाणी जपून वापरायचं. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. भिंतीत आधीच डझनभर खिळे होते. मुलीने शाळेत असताना पदकं टांगायला ठोकलेले.

"आधीच्या भाडेकरूचे दिसतायत," मुलगी म्हणाली.

"फार उपद्व्यापी होती ती," बाई म्हणाल्या. "काय करता आपण?"

"टेनिस शिकवते. इथल्या क्लबात लहान मुलांना. नुकतीच लागले."

बाईंनी मान डोलावली आणि खिडकीचं दार विनाकारण उघडलं.

भांडण याच गोष्टीवरून झालं होतं. मुलीला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती आणि ती नको म्हणत होती. चेंडू मारायला शिकवणं हा काय कामधंदा झाला, असं बाई म्हणाल्या होत्या. मुलीने बॅग उचलली तेव्हा दोन्ही हात चौकटीला लावून त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. मुलगी त्यांच्या हाताखालून वाकून निघून गेली होती. त्यानंतर फोन यायचे ते बाबांना. बाई शेजारी बसून भाजी निवडत ऐकायच्या.

चूक झाली, एवढं म्हणायचं होतं. तेवढंच त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मग त्यांना जे जमायचं तेच त्यांनी केलं.

"पाटीवरचा शब्द कळला का?"

"लेट? भाड्याने देणे."

"आणखी?"

"करू देणं. जाऊ देणं." मुलगी नकळत सरळ उभी राहिली. घरात पाढ्यांऐवजी शब्दार्थच घोकून घेतले जायचे.

"आणखी?"

"आमच्या खेळातला. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे बरोबर जागी पडली की लेट. म्हणजे जाऊ दे ती, सोडून दे."

"चूक," बाई म्हणाल्या. किती दिवसांनी हा शब्द त्यांनी असा चवीने उच्चारला होता! "जुन्या इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते. एक सोडणारा, एक अडवणारा. अडवणाऱ्याचं नातं उशीर या अर्थाच्या लेटशी. माणसाला वाटेत रोखायचं, त्याला उशीर करायला लावायचं, तो लेट. बोलता बोलता दोघांचा उच्चार एकच होऊन बसला. पाटीवर आहे तो सोडणारा. तुझ्या खेळात आहे तो अडवणारा. नेट मध्ये येतं म्हणून."

बाईंचं अहो-जाहो तिथेच सुटलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मुलीच्या आलं.

"नेटने अडवलं तर पॉइंट कुणाला?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"खेळणाऱ्याची चूक धरतात?"

"नाही. पुन्हा सर्व्हिस करायची. कितीही वेळा."

बाईंनी खिडकीच्या गजावरची धूळ बोटाने पुसली. मग हळूच म्हणाल्या, "आणि नेटला काय शिक्षा?"

मुलीने बॅग खाली ठेवली.

"नेटला कसली शिक्षा, आई? नेटच नसेल तर खेळायचं कसं?"

बाई पुन्हा स्टुलावर चढल्या आणि पंख्याचं स्वच्छ पातं परत पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांनी डोळेही पुसून घेतले. फडकं धुळीचं होतं. गालावर काळा पट्टा उमटला.

"भाडं एक तारखेला," त्या वरूनच म्हणाल्या. "जेवण माझ्या हातचं. नावं ठेवलेली चालणार नाहीत. आणि कोर्टवरचे ते बूट बाहेर काढ आधी, सगळी फरशी घाण केलीस."

"हो, आई."

"मुलं ऐकतात का तुझं?"

"एक ऐकत नाही. बाकीची ऐकतात."

"त्या एकाकडेच लक्ष दे," बाई म्हणाल्या आणि भात टाकायला खाली गेल्या. जिन्यात त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. नवऱ्याने ते कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तो वर आला. लेकीच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. दोघं खाटेच्या कडेवर टेकून बसली.

"बाकीचं सामान कुठाय तुझं? चल, आत्ताच घेऊन येऊ."

"क्लबात आहे, बाबा. क्वार्टरमध्ये."

"म्हणजे? राहायला जागा आहे तुला?"

"मैदानाला लागूनच आहे. दोन खोल्या, फुकट." मुलीने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आईला मात्र सांगू नका हं."