लख्ख काच

वारा एकदम सुटला आणि इमारतीला टांगलेला पाळणा हेलकावे खाऊ लागला, तसा वानरराव दोर सैल करत खाली आला. खरं नाव वेगळंच होतं, पण उंच इमारतीच्या काचा लटकून लटकून पुसणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? तोही ते नाव मिरवायचा.

एरवी तो उन्हं वर आल्यावर कामावर यायचा. तोवर त्याच्या बायकोचं इमारतीभोवतीचं झाडून झालेलं असायचं. आज मालक पाहुण्यांना इमारत दाखवायला आणणार होते. काचा पसंतीस उतरल्या, तर मालकांच्या सगळ्या इमारतींचं काम वानररावाकडे येणार होतं. म्हणून नवराबायको दोघंही उजाडतानाच आले होते.

ती कोपऱ्यावर, फुलझाडांच्या वाफ्याशी वाकली होती. त्याला पाहताच तिने घाईघाईने बादलीवर पोतं टाकलं.

"काय गं, नवऱ्यापासून लपवण्यासारखं काय घबाड सापडलं?"

"काही नाही. पालापाचोळा आहे. तुम्ही जा बघू वर."

पालापाचोळा कोणी झाकून नेत नाही. त्याने हसत हसत पोतं उचललं, आणि हसू तोंडावरच विरलं. बादलीत पाखरं होती. हिरवी, पिवळ्या छातीची, मुठीत मावतील एवढी, एकावर एक पडलेली. एकाची चोच अजून उघडमीट करत होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विष घातलंय कोणीतरी! त्या माळ्याचंच काम हे. फुलांवर काय काय फवारत असतो मेला. थांब, आज त्याला सोडतच नाही."

तो तरातरा निघालासुद्धा. तिने मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला.

"माळ्याने काही केलं नाही हो."

"मग कोणी केलं?"

 

तेवढ्यात वर धप्प असा आवाज झाला. कोणी ओला टॉवेल भिंतीवर आपटावा तसा. एक होला पक्षी काचेवर आदळला आणि दोघांच्या पायाशी येऊन पडला. पाय एकदा ताणले गेले, मग तेही थांबलं.

दोघांनी माना वर केल्या. काचेत आभाळ होतं. ढग सरकत होते, समोरची झाडं डोलत होती, त्यांचं पान न् पान दिसत होतं. काल दिवसभर खपून त्यानेच ही बाजू धुतली होती, नखाएवढा डाग ठेवला नव्हता. आता त्याच्या डोक्याच्या जरा वर, त्या आभाळातच, पिसांच्या भुकटीचा ठसा उमटला होता. दोन्ही पंख पूर्ण पसरलेले. पाखरू जोरात आलं होतं, बिनधास्त आलं होतं.

"रोज?" त्याने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"रोज. तुम्ही ज्या बाजूची काच धुता ना, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला जास्त."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"कशी बोलणार?" ती म्हणाली. "घरी आलात की काचेचंच कौतुक. आज असं आभाळ उतरवलं, उद्या तसं उतरवतो. जेवायला बसलात तरी तेच. तुमच्या घासात माती कालवू का मी?"

तो मटकन वाफ्याच्या कडेवर बसला. वाऱ्यात एवढ्या उंचावर लोंबकळताना कधी वाटली नव्हती, ती भीती त्याला इथे जमिनीवर वाटली. आपण आयुष्यभर घाण काढतोय, एवढीच त्याची समजूत होती.

मॅनेजर धापा टाकत आला.

"अहो वानरराव, बसलात काय असे? गाड्या फाटकाशी आल्या! तो डाग पुसा आधी. आणि ते मेलेलं पाखरू हलवा तिथून."

"पुसतो, साहेब," तो सवयीने म्हणाला. हातही सवयीनेच कमरेच्या फडक्याकडे गेला. फडकं त्याने काढलं, झटकलं आणि बायकोपुढे धरलं.

"ते एक जिवंत आहे ना, त्याला यात ठेव."

मग त्याने वाफ्यातल्या ओल्या मातीत दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसले आणि उठून काचेवर दाबले. पंखांच्या अलीकडे एक तळवा, पलीकडे एक तळवा.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" मॅनेजर ओरडला. "काम जाईल!"

"जाईल," वानरराव म्हणाला आणि पुन्हा मातीकडे वाकला.

पहिली गाडी फाटकातून आत वळली. बायकोने फडक्यात गुंडाळलेला जीव सावलीत ठेवला, बाह्या सरसावल्या आणि हात मातीत माखून त्याच्या ठशांच्या खाली उमटवले. दोन पावलं मागे सरून तिने काच नीट न्याहाळली. मग मान वर, अगदी छपरापर्यंत नेली.

"इथे एवढ्याने नाही भागायचं," ती म्हणाली. "पाळण्यात बसा. पाखरं वरून येतात."